तेलावरचा कर आणि सोयाबीनचा भाव

सर्व करांमध्ये आयात शुल्काइतका नामानिराळा राहणारा दुसरा कर नाही. आयकर भरणाऱ्या नोकरदाराला आपल्या पगारातून किती रक्कम कापली गेली हे पै-पैशानिशी ठाऊक असते. वस्तू व सेवा कराचा आकडाही दुकानदाराच्या पावतीवर छापलेला असतो. आयात शुल्क मात्र बंदरावर भरले जाते, भरणारा व्यापारी असतो, आणि ज्याच्या खिशातून ते अखेरीस जाते त्या गृहस्थाला त्याची पावती कधीच मिळत नाही. म्हणूनच शुल्कवाढ ही लोकांना करवाढ वाटत नाही. परदेशी मालाला घातलेला बांध वाटतो. या बांधाने कोणाचे शेत भिजते आणि कोणाचे कोरडे राहते, याचा हिशोब क्वचितच मांडला जातो. खाद्यतेलाच्या निमित्ताने तो मांडण्यासारखा आहे. कारण या एका वस्तूपायी मराठवाडा-विदर्भातला सोयाबीन उत्पादक आणि शहरातली नि खेड्यातली प्रत्येक चूल एकमेकांसमोर उभी केली गेली आहे, आणि दोघांनाही आपले नुकसान दुसऱ्यामुळे होते असे वाटू लागले आहे.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्चे पामतेल, सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेल यांवरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेले. उपकर आणि अधिभार धरता एकूण भार साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. शुद्ध केलेल्या तेलावरचा भार पावणेचौदा टक्क्यांवरून पावणेछत्तीस टक्के झाला. निर्णयाची वेळ बोलकी होती. खरिपाचे सोयाबीन बाजारात येण्याच्या बेतात होते, त्या वर्षीचा ४,८९२ रुपयांचा हमीभाव कागदावर होता, बाजारातला भाव त्याच्या बराच खाली रेंगाळत होता, आणि महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. परदेशातून स्वस्त तेल ओतले जाते म्हणून आपल्या सोयाबीनला भाव मिळत नाही. तेव्हा तेल अडवा, म्हणजे सोयाबीन वर येईल, असा हा युक्तिवाद होता. ऐकताक्षणी पटावा इतका तो सरळ आहे.

पुढे काय घडले ते शेतकऱ्यांना सांगायला नको. तेलाचे भाव चढले. जुन्या दराने आलेले तीस लाख टन तेल देशात शिल्लक असून ते पंचेचाळीस ते पन्नास दिवस पुरेल, तोवर किरकोळ किंमत वाढवू नये, असे केंद्राच्या अन्न खात्याने तेल कंपन्यांना बजावले होते. परंतु उद्या महाग होणारी वस्तू आज जुन्या भावाने विकावी इतकी विरक्ती व्यापारात नसते. दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर पिशवीमागचे आकडे वाढत गेले, आणि २०२५ च्या आरंभी किरकोळ किमतींच्या निर्देशांकात तेल व स्निग्ध पदार्थांची भाववाढ दोन अंकी झाली. सोयाबीन मात्र हमीभावाला शिवले नाही. सरकारी खरेदी केंद्रांवर ओलाव्याची मर्यादा बारा टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर नेण्याची सवलत नोव्हेंबरच्या मध्यास द्यावी लागली. बारदानाच्या टंचाईच्या तक्रारी झाल्या. आणि ज्याला दिवाळीपूर्वी उसनवारी फेडायची होती त्याने माल आडत्याच्या काट्यावर मिळेल त्या भावाने टाकला. गावाकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्या हिवाळ्यात वर्गात विचारलेला प्रश्न असा होता: तेल महाग झाले तर सोयाबीन का महाग झाले नाही? पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा काढून या प्रश्नाची बोळवण करता येत नाही.

उत्तर सोयाबीनच्या दाण्यातच आहे. शेंगदाण्यात किंवा मोहरीत चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असते. सोयाबीनमध्ये ते अवघे अठरा टक्के. क्विंटलभर सोयाबीन गाळले तर अठरा किलो तेल आणि सुमारे ऐंशी किलो पेंड निघते. म्हणजे ज्याला आपण तेलबी म्हणतो ते पीक वजनाने पाहता प्रामुख्याने पेंडीचे पीक आहे, आणि पेंड हे कोंबड्यांचे नि जनावरांचे खाद्य आहे. समजुतीसाठी सोपे आकडे घेऊ. परदेशी कच्चे तेल बंदरावर शुल्काखेरीज शंभर रुपये किलोने पडते असे धरा. साडेपाच टक्के शुल्काने ते साडेएकशेपाच रुपयांना पडेल, साडेसत्तावीस टक्क्यांनी साडेएकशेसत्तावीस रुपयांना. फरक किलोमागे बावीस रुपयांचा. देशी तेलाचा भाव तितकाच वाढला आणि गिरणीवाल्याने तो सगळाच्या सगळा शेतकऱ्याला दिला असे मानले, तरी अठरा किलोंवर ३९६ रुपये होतात. आता पेंडीचा भाव चाळीस रुपये किलोवरून पस्तीसवर आला असे धरा. ऐंशी किलोंवर पाच रुपये म्हणजे चारशे रुपये गेले. शुल्काने जे दिले ते पेंडीने चार रुपये अधिक घेऊन परत नेले.

आकडे सोयीसाठी घेतले असले तरी घटना काल्पनिक नाही. त्या काळात जगभर सोयाबीनचे पीक विपुल होते आणि पेंडीचे भाव सर्वत्र पडलेले होते. त्यात देशात एक नवा स्पर्धक उभा राहिला होता. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर मागे उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्याच्या बाजारात सोयापेंडीहून स्वस्त दराने येऊ लागला होता. इथेनॉलचे धोरण एका मंत्रालयाने आखायचे, तेलाचे शुल्क दुसऱ्याने ठरवायचे, हमीभाव तिसऱ्याने सुचवायचा, आणि या तिन्हींची गाठ पडायची ती लातूरच्या किंवा वाशीमच्या बाजार समितीच्या आवारात, असा हा कारभार आहे. पेंडीचा बाजार पडलेला असताना तेलावर कितीही शुल्क बसविले तरी ते सोयाबीनला हमीभावापर्यंत उचलून धरू शकत नाही. दाण्याच्या अठरा टक्के भागाने उरलेल्या ऐंशी टक्क्यांचा भार वाहावा, ही अपेक्षाच चुकीची होती.

आता चुलीकडे वळू. आपला देश वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो. एकूण गरजेचा निम्म्याहून अधिक भाग. आयातीत निम्म्याच्या आसपास वाटा पामतेलाचा, आणि पामतेल हे मुख्यत्वे गरिबाच्या कढईत, हातगाडीवरच्या भज्यांत आणि स्वस्त बिस्किटांत जाते. माणशी वार्षिक वापर वीस किलोंच्या आसपास धरला, तर पाच माणसांच्या कुटुंबास शंभर किलो तेल लागते. काही घरात, काही बाहेर खाल्लेल्या पदार्थांतून. किलोमागे बावीस रुपये वाढले तर वर्षाला बावीसशे रुपये झाले. महिना लाखाची मिळकत असणाऱ्या घराला ही रक्कम जाणवतही नाही. बारा-पंधरा हजारांत भागविणाऱ्या घराला ती जाणवते. आयकरात मिळकत वाढली की दर वाढतो. फोडणीवरच्या करात मिळकत जितकी कमी तितका भार जड. या स्तंभाच्या वाचकांपैकी पुष्कळांना महागाई भत्ता मिळतो. निर्देशांक चढला की सहा महिन्यांनी का होईना पगारात थोडी भर पडते. शेतमजुराला, मोलकरणीला, रोजंदारीवरच्या गवंड्याला निर्देशांक ठाऊक नसतो आणि निर्देशांकाला तेही ठाऊक नसतात.

ग्राहकाचा विचार करताना एक गोष्ट नेहमी निसटते. सोयाबीन पिकविणारा शेतकरी स्वतःही तेल विकत घेतो. पूर्वी गावात घाणा होता. आपली करडई, आपले शेंगदाणे देऊन घरापुरते तेल काढून आणण्याची रीत होती. सोयाबीनचे तसे नाही. ते घाण्यावर गाळून घरी वापरता येत नाही. द्रावकाने तेल काढणाऱ्या मोठ्या कारखान्याकडेच ते जाते. मराठवाड्यात करडईचे क्षेत्र आटत गेले, सोयाबीनने रान व्यापले, आणि तेलबिया पिकविणारा शेतकरी तेलाचा गिऱ्हाईक झाला. दोन एकर कोरडवाहू सोयाबीन करणाऱ्याला एकरी चार क्विंटलप्रमाणे आठ क्विंटल होते. वरच्या गणितातले ३९६ रुपये त्याला पूर्ण मिळाले असे उदारपणे मानले तरी लाभ ३,१६८ रुपयांचा. त्यातून त्याच्या पाच माणसांच्या घरचे बावीसशे रुपये वजा करा. उरले नऊशे अडुसष्ट. आणि ते ३९६ रुपये मिळालेच नाहीत, तर तो ज्या संरक्षणाचा लाभार्थी म्हणून भाषणांत मिरविला जातो त्या संरक्षणाचा तो वर्षाला बावीसशे रुपयांचा वर्गणीदार ठरतो. त्याच्या बांधावरच्या भूमिहीन मजुराच्या खात्यात तर जमेची बाजूच नाही.

मग पैसा गेला कोठे? बराचसा सरळ सरकारी तिजोरीत. खाद्यतेलाच्या आयातीचे मूल्य वर्षाला सव्वा लाख कोटी रुपयांच्या वर आहे. सव्वा लाख कोटींवर बावीस टक्के जादा शुल्क म्हणजे, आयात तेवढीच राहिली तर, वर्षाला साडेसत्तावीस हजार कोटी. या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवावासा वाटतो. तेलबियांचे उत्पादन वाढविण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये जे राष्ट्रीय अभियान मंजूर केले त्याची तरतूद १०,१०३ कोटींची आहे, आणि तीही सात वर्षांसाठी. शेतकऱ्याच्या नावाने एका वर्षात जे गोळा होऊ शकते त्याच्या निम्म्याहून कमी रक्कम सात वर्षांत शेतकऱ्याकडे परत जाणार. अर्थखात्याला हे शुल्क का प्रिय असते हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

उद्योगांची कथा निराळी आणि जरा गमतीची आहे. तेल उद्योगाला शुल्क किती आहे यापेक्षा कच्च्या आणि शुद्ध तेलांवरील शुल्कांत अंतर किती आहे याची चिंता अधिक. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयानंतर हे अंतर सव्वाआठ टक्के होते. इंडोनेशिया आपल्या कच्च्या पामतेलाच्या निर्यातीवर अधिक आणि शुद्ध तेलाच्या निर्यातीवर कमी कर लावून आपले कारखाने चालते ठेवते. सव्वाआठ टक्क्यांचे अंतर त्यापुढे तोकडे पडले. तयार तेलच येऊ लागले आणि आपल्या शुद्धीकरण कारखान्यांची यंत्रे अंशतः थंड पडली. दुसरी वाट उत्तरेची. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारान्वये नेपाळचा माल शुल्काविना येतो. नेपाळात सोयाबीनचे पीक नगण्य आहे. परंतु आपल्याकडचे शुल्क वाढताच नेपाळातून शुद्ध सोयाबीन तेलाचा ओघ सुरू झाला. परदेशी कच्चे तेल आपल्याच पूर्वेकडील बंदरांतून नेपाळात जायचे, तेथे शुद्ध व्हायचे आणि सीमा ओलांडून पुन्हा इकडे यायचे. भूगोलाच्या दृष्टीने हा उफराटा प्रवास हास्यास्पद आहे. शुल्काच्या दृष्टीने तो अगदी शहाणपणाचा आहे. भिंत उंच केली की शिडीचा धंदा किफायतशीर होतो.

मे २०२५ च्या अखेरीस केंद्राने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क वीसवरून दहा टक्के केले; एकूण भार साडेसोळा टक्के झाला आणि शुद्ध तेलाशी असलेले अंतर सव्वाएकोणीस टक्क्यांवर गेले. तेल उद्योगाच्या संघटनांनी या निर्णयाचे स्वागत केले आणि त्यांच्या बाजूने ते रास्त होते. कारखाने चालले तर रोजगार टिकतो. परंतु येथे संरक्षण या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी वावरत आहेत हे ध्यानात घेतले पाहिजे. कच्च्या तेलावरचे शुल्क शेतकऱ्याच्या नावाचे. कच्च्या-शुद्धातील अंतर कारखानदाराच्या नावाचे. कारखानदाराचे संरक्षण वाढविताना शेतकऱ्याचे निम्म्याने घटले. दोघांची नावे एका दमात घेणाऱ्यांनी हे कधी सांगितले नाही.

संरक्षणाच्या कल्पनेविषयी आपल्या मनात एक जुनी आपुलकी आहे आणि तिला इतिहासाची सबळ कारणे आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, इंग्लंडात जन्मलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, लँकेशायरच्या कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क बसविताना सरकारने मुंबईच्या गिरण्यांतील कापडावरही तेवढाच अबकारी कर बसविला, का तर देशी गिरण्यांना चुकूनही संरक्षण मिळू नये. हा कर १९२५-२६ पर्यंत टिकला. ज्या पिढ्यांनी हे भोगले त्यांना मुक्त व्यापार हा शब्द दांभिक वाटला यात नवल नाही. आज वॉशिंग्टनहून जकातीची भाषा ऐकू येते तेव्हा आपल्यातील पुष्कळांना, पाहा, धनाढ्य राष्ट्रेही अखेर तेच करतात, असे एक प्रकारचे समाधान वाटते तेही याच पोटी.

पण त्याच इतिहासाचे पुढचे पानही वाचले पाहिजे. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील १९२१-२२ च्या वित्तीय आयोगाने संरक्षणाची शिफारस केली ती सरसकट नव्हे, पारखून. त्या उद्योगाला देशात नैसर्गिक अनुकूलता आहे काय, संरक्षणावाचून तो वाढणे अशक्य आहे काय, आणि कालांतराने संरक्षण काढून घेतल्यावर तो स्वबळावर उभा राहील काय, अशा त्याच्या तीन कसोट्या होत्या. या मार्गाने साखरेला १९३२ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. तोवर आपण जावाची साखर खात होतो. पाच-सहा वर्षांत कारखान्यांची संख्या तिसांच्या घरातून सव्वाशेच्या पुढे गेली. आपल्याकडचे वालचंदनगर आणि माळीनगर त्याच दशकातले. ग्राहकाने त्या काळी महाग साखर खाल्ली हे खरे. परंतु त्याच्या पैशातून देशात काहीतरी उभे राहिले. का राहिले? एक तर संरक्षण चौकशीअंती मिळाले होते आणि ते किती वर्षे राहील हे कायद्यानेच सांगितले होते. त्या भरवशावर भांडवल गुंतले. दुसरे असे की, शुल्काचा लाभ कारखान्याच्या फाटकाशीच अडतो, उसाच्या फडापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे त्या परक्या सरकारलाही दोन वर्षांत उमगले आणि उसाची किमान किंमत ठरविण्याचा अधिकार प्रांतांना देणारा कायदा १९३४ मध्ये करण्यात आला.

तेलाच्या बाबतीत यांतले काय घडले? १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, आणि तेव्हा धोरणाचे धागे एकत्र विणलेले होते. बियाणे, हमीची खरेदी आणि सरकारी महामंडळामार्फत नियंत्रित आयात ही सारी एकाच दिशेने चालली. १९८५-८६ मध्ये १०८ लाख टनांच्या आसपास असलेले तेलबियांचे उत्पादन १९९३-९४ पर्यंत जवळजवळ दुप्पट झाले आणि आयात नाममात्र उरली. मग १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. येथपर्यंत तक्रार नाही. पण ते शुल्क १९९८ पर्यंत पंधरा टक्क्यांवर आणले गेले आणि दशक संपण्यापूर्वी आयात चाळीस लाख टनांपुढे गेली. स्वावलंबन साधायला सात वर्षे लागली. ते गमवायला चारच पुरली.

तेव्हापासून शुल्काची रेषा म्हणजे तापाचा तक्ता आहे. २००८ मध्ये जगात भाव भडकले तेव्हा कच्च्या तेलांवर शून्य. मार्च २०१८ मध्ये कच्च्या पामतेलावर चव्वेचाळीस टक्के आणि शुद्धावर चौपन्न. २०२१ मध्ये पायरीपायरीने उतार आणि ऑक्टोबरात मूळ शुल्क पुन्हा शून्य. मे २०२२ मध्ये सोयाबीन आणि सूर्यफूल तेलाच्या वर्षाला वीस-वीस लाख टनांच्या आयातीस पूर्ण माफी. २०२४ च्या सप्टेंबरात वर, २०२५ च्या मे महिन्यात खाली. सोयाबीनची पेरणी जूनमध्ये होते आणि माल ऑक्टोबरात येतो. या चार महिन्यांपुरता तरी दर स्थिर राहील असे सांगता येत नसेल, तर बियाण्यावर, ठिबकावर किंवा गावाजवळच्या गाळप कारखान्यावर कोणी कशाच्या भरवशावर पैसा घालावा? आणि यातला पक्षपात पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. एका पिढीत एकदा येणारा भाव. त्याच महिन्यात बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी मिळाली, पुढे साठ्यांवर मर्यादा आल्या आणि डिसेंबरात सोयाबीनचा वायदेबाजार बंद करण्यात आला. भाव चढला की शेतकऱ्याचे संरक्षण काढून घ्यायचे आणि पडला की ग्राहकावर कर लावायचा, अशा रीतीने दोघांचीही वाईट वर्षे दोघांच्या वाट्याला ठेवली गेली. ती पेंड जनुकबदल केलेल्या सोयाबीनची होती, आणि तसे बियाणे पेरण्यास इथल्या शेतकऱ्याला परवानगी नाही, ही आणखी एक बारीकशी विसंगती.

यावर आमचे काही अर्थशास्त्री मित्र म्हणतील की मग शुल्कच नको. जगात जिथे स्वस्त तिथून तेल घ्यावे. मला ते मान्य नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. बंदी महिनाभरही टिकली नाही, परंतु युक्रेनमधील युद्धाने सूर्यफूल तेलही अडलेले असताना, निम्म्याहून अधिक तेल परक्याच्या मर्जीवर ठेवण्याचा अर्थ काय हे त्या चार आठवड्यांत कळून चुकले. शिवाय एक टन सोयाबीन काढणाऱ्या आपल्या हेक्टरने तीन टनांहून अधिक काढणाऱ्या ब्राझीलच्या हेक्टराशी उद्यापासून उघड्यावर झुंजावे, असे म्हणणे म्हणजे महाराष्ट्रातल्या पन्नास लाख हेक्टरांना, तुमचे तुम्ही पाहा, असे सांगणे होय. प्रश्न शुल्क असावे की नसावे हा नाही. ते कोणत्या अटीवर असावे हा आहे, आणि वित्तीय आयोगाची तिसरी कसोटी येथेच लागू करावयाची आहे. हेक्टरी एक टनाचे दीड आणि दीडाचे दोन टन होत नाहीत तोवर संरक्षण हे फक्त लांबविलेले आजारपण आहे. ते व्हायचे तर बियाणे, सिंचनाची एक-दोन पाणी आणि संशोधन यांवर खर्च व्हायला हवा. त्यासाठी पैसा नाही ही सबब चालणार नाही, कारण तो पैसा दररोज बंदरावर जमा होतो.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. पहिली, तेलाच्या शुल्कातून येणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा कायद्याने तेलबियांसाठी बाजूला काढावा. त्यातून संशोधन व्हावे आणि बाजारभाव हमीभावाखाली गेल्यास फरकाची रक्कम उत्पादकाच्या खात्यात जावी. फरक देण्याच्या योजनेत धोका आहे. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये भावांतर योजना आली तेव्हा सरकार फरक देणारच आहे हे पाहून व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. त्यामुळे खरेदी केंद्रे बंद करून ही योजना आणता येणार नाही. दोन्ही सोबत चालवावी लागतील. ग्राहकाला तेल महाग पडेल ते पडेलच, पण निदान त्याच्या पैशाचे काय झाले ते त्याला विचारता येईल.

दुसरी गोष्ट शुल्काच्या दराची. जगातील भावाशी निगडित अशी एक पट्टी तीन वर्षांसाठी जाहीर करावी. परदेशी भाव अमुक मर्यादेखाली गेला तर शुल्क इतके, वर गेला तर इतके. मधल्या काळात कोणत्याही सणासाठी वा मतदानासाठी त्यात हात घालायचा नाही. शुल्क अशा रीतीने बांधून घेण्यास सरकार नाखूश असेल हे उघड आहे, कारण मोकळा हात हीच या कराची खरी मौज आहे. परंतु मोकळ्या हाताने काय होते त्याचे उदाहरण फार जुने नाही. २८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ वरून ५,३२८ रुपये केला, आणि दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या तेलावरील मूळ शुल्क निम्म्यावर आणले. हमीभाव ठरविताना शुल्काचा दर विचारात घेतला होता काय, आणि घेतला असेल तर कोणता, वीस टक्क्यांचा की दहा? मृगाच्या तोंडावर सोयाबीन पेरावे की तुरीचे क्षेत्र वाढवावे याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला यांतला पहिलाच आकडा ठळक अक्षरांत कळविण्यात आला. हमीभावाच्या पत्रकातच त्या हंगामाच्या शुल्काची पट्टी छापण्यास कायद्याची कोणतीही अडचण नाही.